पडद्याला ओल लागू नये म्हणून

आमच्या फोपनारचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, ते १९६४ साली येथे सापडलेल्या बुद्धाच्या ब्राँझ मूर्तींमुळे. तांब्याच्या मिश्रधातूत क्षार शिरले व त्यास दमट हवा मिळाली, की हिरवी भुकटी सुटू लागते; म्हणून संग्रहालये अशा वस्तूंना ओलीपासून जपतात. तेच तांबे आज मोबाईलच्या व टीव्हीच्या पडद्यामागे केसाहून बारीक रेषांतून पसरलेले आहे. मूर्तीची काळजी संग्रहालय घेते. पडद्याची आपणांस घ्यावयाची आहे.

प्रथम ओल येते कोठून, ते पाहू. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते, तर २० अंशाला सुमारे १७ ग्रॅमच. दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच खोलीत श्रावणातील कुंद हवेत जवळजवळ एक लिटर पाणी अदृश्य रूपाने तरंगत असते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तो याच पाण्याचा. थंड खोलीतून बाहेर आणलेल्या पडद्यावर, व क्वचित त्याच्या आतही, असेच दव धरते.

पडदा ही एकच काच नव्हे. काच, द्रवस्फटिकाचा थर, प्रकाश गाळणारे पातळ पापुद्रे व मागचा दिवा अशी ती चळत असते. पापड उघडा राहिला की सादळतो, तसे हे पापुद्रेही दमट उष्ण हवेत बिघडतात, आणि पडद्यावर डाग दिसू लागतात. याहून मोठे नुकसान विजेमुळे होते. ओल, क्षार व वीज एकत्र आली, की तांबे एका रेषेतून विरघळून दुसरीकडे साचते, आणि जोड तुटतात किंवा नको तेथे जुळतात.

याचा धडा आम्ही नुकसान सोसून शिकलो. गेल्या पावसाळ्यात केळीच्या बागेत भिजलेला मोबाईल आम्ही वरवर पुसला व लगेच चार्जिंगला लावला. पडदा उजळला, आम्ही निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी त्यावर रेघा उमटल्या आणि तो कायमचा काळा पडला. बाजारभाव, मुलांचा अभ्यास, बँकेचा व्यवहार, सारे त्या एकाच यंत्रावर होते. पाण्यापेक्षा आमच्या घाईनेच अधिक घात केला.

तेव्हा भिजलेले यंत्र प्रथम बंद करावे. कव्हर व सिमची पट्टी काढावी, कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे व पंख्याच्या वाऱ्यात निदान एक-दोन दिवस ठेवावे. तोवर चार्जिंग करू नये. कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये; उष्णतेने आतील डिंक सुटतो. तांदळाच्या डब्यात पुरण्याची रीत सोडावी. आयफोन बनविणाऱ्या अ‍ॅपलनेही २०२४ साली तसे न करण्यास सांगितले, कारण तांदळाचे कण आत शिरून अपाय करू शकतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात यंत्र ठेवणे बरे. आयपी ६७ हा शिक्का असला, तरी तो नव्या यंत्राने एक मीटर खोल गोड्या पाण्यात अर्धा तास टिकल्याचा आहे. जुन्या, पडझड झालेल्या यंत्राची ती हमी नव्हे.

टीव्ही ओलसर भिंतीला चिकटवून लावू नये. मागे चार बोटे हवा खेळू द्यावी. पावसाळ्यात तो रोज थोडा वेळ चालू ठेवावा, म्हणजे त्याच्याच उबेने आत ओल साचत नाही. पुसताना वीज बंद करून फडके किंचित ओले करावे. पडद्यावर पाणी शिंपडू नये, ते ओघळून खालच्या कडेतून आत जाते. पाणी आत गेल्यास मागचे झाकण स्वतः उघडू नये. वीज काढल्यावरही आत धक्का बसण्याजोगा विद्युत्‌भार उरतो. थंड जागेतून आणलेले यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तासभर तसेच ठेवावे, म्हणजे दव पिशवीवर धरेल, पडद्यावर नाही.

पेवात धान्य भरण्यापूर्वी तळाशी भुसा घालणारी आपली वडीलमंडळी ओलीचे हे मर्म जाणत होती. वस्तू नवी आली. जपणूक जुनीच आहे. घरातील मुलांनाही ती शिकवावी, एवढीच विनंती.