बिडाचा पाइप सुरक्षितपणे कसा कापावा?

शेतातील बहुतेक नव्या पाइपलाइन आता पीव्हीसीच्या असतात. तरीही जुन्या उपसा योजना, रस्त्याखालून गेलेली लाइन, पंपाजवळची डिलिव्हरी अशा ठिकाणी बिडाचे पाइप अजून काम देत आहेत. हे पाइप पन्नास वर्षेसुद्धा टिकतात. पण एकदा तडा गेला, की तो तुकडा कापून नवा जोड द्यावा लागतो. ऐन उन्हाळ्यात पाळी चुकू नये म्हणून शेतकरी घाईने घण उचलतात. मग एका तड्याचे तीन तडे होतात, किंवा उडालेली कपची डोळ्यात जाते. हे काम पुढीलप्रमाणे केल्यास नुकसान आणि इजा दोन्ही टळतात.

बीड कसे फुटते?

साध्या लोखंडात कर्बाचे प्रमाण पाव टक्क्याच्या आसपास असते, तर बिडात ते अडीच ते चार टक्के असते. हा कर्ब ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात धातूमध्ये पसरलेला असतो. त्यामुळे बीड दाबाला भक्कम, पण ताणाला आणि धक्क्याला कमकुवत असते. ते वाकत नाही, एकदम तडकते. पाइपाभोवती आखीव खाच पाडली तर तो त्या खाचेवर तुटतो. वेडावाकडा घाव घातला तर वाटेल तिकडे फुटतो.

गॅस कटरने बीड नीट कापले जात नाही, उलट उष्णतेने तडे जातात. म्हणून त्या वाटेला जाऊ नये.

आधी पाइप ओळखा

१) पाइपाला लोहचुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटला नाही आणि पाइप राखाडी, सिमेंटसारखा दिसत असेल, तर तो अॅस्बेस्टॉस सिमेंटचा असू शकतो. त्याची धूळ फुफ्फुसाला अत्यंत घातक असते. असा पाइप घरी कापू नये.

२) डी.आय. (डक्टाइल) पाइप दिसायला बिडासारखाच असतो, पण तो चिवट असतो. छिन्नीने तो तुटत नाही. पाइपावरील अक्षरे घासून वाचावीत. डी.आय. पाइप करवतीने किंवा ग्राइंडरनेच कापावा.

३) लाइन सार्वजनिक पाणीपुरवठ्याची असेल, तर तिला हात न लावता संबंधित कार्यालयास कळवावे.

पूर्वतयारी

पंपाचा मेन स्विच बंद करून फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवावेत. व्हॉल्व्ह उघडून लाइनमधील पाणी पूर्ण सोडून द्यावे. दोन्ही हात आणि करवत पाइपाखालून सहज फिरेल एवढी, म्हणजे सुमारे ३० सें.मी. मोकळी जागा पाइपाभोवती करावी. चर खोल असेल तर त्याच्या कडा उतरत्या ठेवाव्यात आणि माती कडेपासून दूर टाकावी.

वजनाचा अंदाज घ्यावा. १०० मि.मी. बिडाच्या पाइपाचे वजन मीटरला सुमारे १८ ते २० किलो, तर १५० मि.मी. पाइपाचे सुमारे ३० किलो भरते. म्हणजे तीन मीटरचा तुकडा ९० किलोचा. म्हणून कापण्यापूर्वी, कापाच्या दोन्ही बाजूंना वाळूची पोती किंवा लाकडी ठोकळे पाइपाखाली घट्ट बसवावेत. विहिरीत लोंबकळणारा पाइप घरच्या घरी मुळीच कापू नये. खालचा भाग सुटून जिवावर बेतू शकते. ते काम चेनपुली असलेल्या जाणकाराकडूनच करून घ्यावे.

डोळ्यांवर बाजूने बंद असलेला संरक्षक चष्मा, हातात जाड हातमोजे, पायात बूट आणि नाकाला धूळरोधक मास्क वापरावा. उपरणे, सैल बाही, हातातील कडे काढून ठेवावे. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

काप कोठे घ्यावा?

दिसणारा तडा संपतो तेथेच तो थांबलेला असतो असे नाही. पाइप घासून स्वच्छ करावा, त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावावे, थोड्या वेळाने कोरडे पुसून खडूची भुकटी चोळावी. तड्यात शिरलेले तेल बाहेर येऊन ओली रेघ दिसते. तिच्या टोकापासून किमान एक वीत पुढे काप घ्यावा. जाड कागदाची सरळ पट्टी पाइपाभोवती गुंडाळून तिच्या कडा जुळवाव्यात आणि खडूने रेघ मारावी. अशी रेघ काटकोनात येते. ग्राइंडर वापरायचा असेल तर तेलाचा अंश पूर्ण पुसून घ्यावा.

कापण्याच्या पद्धती

सुट्या पाइपासाठी छिन्नी : पाइप वाळूच्या थरावर आडवा ठेवावा. रेघेवर छिन्नी धरून हलके ठोके द्यावेत व पाइप थोडा थोडा फिरवावा. पहिल्या फेरीत फक्त खूण उमटावी. पुढच्या चार-पाच फेऱ्यांत ठोका थोडा थोडा वाढवावा. आवाज बदलून भसका झाला, की खाचेवर तडा गेला असे समजावे. एकाच जागी जोराचा घाव घालू नये.

जागेवरच्या पाइपासाठी करवत : चरातल्या पाइपावर ठोके दिल्यास शेजारचे शिशाचे जोड सैल होतात. म्हणून येथे इंचाला १८ दात असलेले पाते लावून हॅक्सॉने कापावे. वेळ लागतो, पण धोका सर्वांत कमी.

ग्राइंडर : काम लवकर होते, पण इजाही याचीच मोठी. १०० मि.मी.चा ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. चकतीवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा याहून कमी नसावी. चकतीवरील गार्ड काढू नये, तडकलेली किंवा भिजलेली चकती वापरू नये, चकतीच्या रेषेत उभे राहू नये. प्रथम उथळ खाच पाडून मग ती खोल करावी. चकती तिरकी दाबू नये. पाइप खचला तर चकती कापात चिमटते आणि यंत्र उसळते. म्हणून आधार पुन्हा तपासावा. चरात पाणी असताना वीज वापरू नये. जोडणीला अर्थिंग व ईएलसीबी असावे. ठिणग्या लांब उडतात, त्यामुळे कडबा आणि पाचट दूर हलवावे व पाण्याची बादली जवळ ठेवावी.

जुन्या जोडातील शिसे तापवून वितळवू नये. त्याचा धूर विषारी असतो. शक्यतो जोड सोडून काप घ्यावा. काम संपल्यावर हात साबणाने धुऊनच जेवावे.

जोड आणण्यापूर्वी

कापाची धार कानशीने मोडावी. नंतर पाइपाचा बाहेरचा व्यास मोजावा. १०० मि.मी. बिडाच्या पाइपाचा बाहेरचा व्यास साधारण ११८ मि.मी. असतो, तर त्या जागी बसणारा पीव्हीसी पाइप ११० मि.मी.चा असतो. एकाच मापाचा जोड आणल्यास तो गळतो. दोन्ही मापे चिठ्ठीवर लिहून दुकानात न्यावीत.

इजा झाल्यास

डोळ्यात कण गेल्यास डोळा चोळू नये, रुतलेला कण स्वतः काढू नये. डोळ्यावर दाब न देता स्वच्छ कापड झाकून ताबडतोब दवाखान्यात जावे. गंजलेल्या कडेने कापल्यास जखम धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत डॉक्टरांना विचारावे.

थोडक्यात, पाइप ओळखणे, वीज तोडणे, आधार देणे आणि डोळे झाकणे ही चार कामे आधी करावीत. पाइप कापणे हे पाचवे काम. पाण्याची एक पाळी उशिरा दिली तर पीक सावरते, पण गेलेला डोळा परत येत नाही.