कबड्डीचा सराव सामना : फोटो, पारख आणि खर्चाचा हिशेब

"द्या ना भाऊ, तुमाले वाटन ते." फोटोग्राफरला दर विचारला आणि हे उत्तर आलं, की समजावं, याहून महाग दर दुसरा नाही. काम झाल्यावर त्याला जे वाटतं आणि मंडळाला जे वाटतं, त्यात दोन-तीन हजारांचा फरक निघतो आणि तो भरायला मग कुणीच पुढं येत नाही.

धामणगाव बढे काय किंवा मोताळा तालुक्यातलं दुसरं कुठलंही गाव काय, स्पर्धांचा खरा हंगाम दिवाळीनंतरचा. त्याआधी मंडळापुढं एकच अवघड काम असतं. सरावाला अठरा-वीस पोरं येतात, संघात बारा घ्यायची असतात आणि मैदानात सातच उतरतात. कुणाला बसवायचं, हे ठरवण्यासाठी आपापसात एक पूर्ण सामना खेळवतात. त्याचे फोटो काढावेत, व्हिडिओ करावा, असं आता सगळ्यांनाच वाटतं. प्रो कबड्डी २०१४ मध्ये टीव्हीवर आली तेव्हापासून प्रत्येक चढाईपटूला हवेतली झेप टिपलेला फोटो हवा असतो. हौस म्हणून ठीक आहे. पण बॅनरचा फोटो आणि निवडीसाठीची नोंद ही दोन वेगळी कामं आहेत. पैसा कमी असेल तर तो दुसऱ्या कामावर आधी घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सामना कधी ठेवायचा यावर निम्मा खर्च ठरतो. पावसाळ्यात मैदान चिखलाचं, म्हणजे छप्पर हवंच. नेमका तेव्हा चातुर्मास असतो, लग्नाच्या तिथी नसतात आणि मंगल कार्यालयं रिकामी पडलेली असतात. हंगामात ज्या हॉलचा दर ऐकून घाम फुटतो, तोच अर्ध्या दिवसासाठी तीन-साडेतीन हजारांत मागून पाहायला हरकत नाही. वीजबिल वेगळं की भाड्यातच, हे आधी विचारा. वेगळं असेल तर सामन्याआधी आणि नंतर मीटरचा मोबाइलवर फोटो काढा. सोयाबीनची सोंगणी आणि कपाशीची वेचणी सुरू झाली की पोरं मिळत नाहीत, हेही धरून चला. कबड्डीमहर्षी शंकरराव साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळतात. तो मुहूर्त साधला तर वर्गणी मागायलाही तोंड राहतं.

हॉल बघायला जाताना टेप न्या. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे साधारण ४३ बाय ३३ फूट. भोवती मोकळी जागा धरून ५५ बाय ४५ फुटांत मध्ये खांब नको. फरशीवर मॅटशिवाय खेळवू नका. त्यात वाचलेला पैसा पोरांच्या गुडघ्यांतून वसूल होतो. मॅटचे एक मीटर बाय एक मीटरचे तुकडे धरले तर एका मैदानाला १३० लागतात. तुकड्याला हजार रुपये धरले तरी एक लाख तीस हजार होतात, म्हणून एका सामन्यासाठी विकत घेण्याचा विचार सोडा. शाळा, महाविद्यालय किंवा शेजारच्या मंडळाकडून मागून आणा आणि छोटा हत्तीचं भाडं जाऊन-येऊन ठरवा. तुकडे मोजून घ्यावेत, मोजून परत करावेत.

आता प्रकाश. मंडळं इथंच फसतात, कारण डोळ्यांना हॉल उजेडाचा वाटतो आणि कॅमेऱ्याला तो अंधाराचा असतो. धावणाऱ्या माणसाचा हात फोटोत स्पष्ट दिसायला शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं तरी वेगवान लागतं. लग्नात चालणारी साधी झूम लेन्स झूम केली की तिचं छिद्र एफ ५.६ पर्यंत आवळतं. एफ १.८ ची पन्नास मिलिमीटरची लेन्स तिच्यापेक्षा जवळपास दहापट प्रकाश आत घेते. ही लेन्स नवी घेतली तरी दहा हजारांच्या आसपास मिळते, त्यामुळे बऱ्याच स्टुडिओंकडे ती असतेच. म्हणून फोटोग्राफरला पहिला प्रश्न "कॅमेरा कोणता?" हा नको, "पन्नासची लेन्स आहे का?" हा हवा. फ्लॅशला सरळ नकार द्या. चढाईपटूच्या डोळ्यांवर तो येतो आणि पत्र्याच्या उंच छताखाली त्याचा उपयोगही फारसा होत नाही.

दुसरी भानगड दिव्यांची. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण वेगवान शटरला कळतं. एक फोटो उजळ, पुढचा पिवळा, तिसऱ्यात निम्मा पट्टा काळा. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत यावर अँटी-फ्लिकरची सोय असते, ती चालू करायला सांगा. मोबाइलवर व्हिडिओ करणार असाल तर ३० किंवा ६० ऐवजी २५ किंवा ५० फ्रेम निवडा, लुकलुक बरीच कमी होते. ॲडव्हान्स देण्याआधी त्याच हॉलमध्ये, तेच दिवे लावून चार पोरांच्या दहा चढाया टिपायला सांगा. नमुना न दाखवता "टेन्शन नका घेऊ" म्हणणाऱ्याचं टेन्शन तुम्ही घ्यावं.

दराचं म्हणाल तर, मोताळा, मलकापूर, बुलढाणा या पट्ट्यात अर्ध्या दिवसाच्या नुसत्या फोटोंसाठी अडीच ते चार हजार हा बोलणी सुरू करायचा आकडा समजा. दोन ठिकाणी विचारा. व्हिडिओ, एडिटिंग, अल्बम यांचे दर वेगळे येतील. पैकी अल्बम नको, गाणं लावलेला व्हिडिओ तर मुळीच नको. निवड समितीला गाण्याचा काय उपयोग? बाहेरगावचा माणूस बोलावत असाल तर निरोपात ता. मोताळा, जि. बुलढाणा असं पूर्ण लिहा. नुसतं "धामणगाव" वाचून माणूस मलकापूरला न उतरता त्याच रेल्वेमार्गावर पुढं अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेला पोचला, तर तिकीट कुणी द्यायचं यावर वाद होतो.

पारखीसाठी लागणारा व्हिडिओ मात्र फुकटात होतो. एक बरा मोबाइल आणि तिवई. कार्यालयाला बाल्कनी असेल तर मध्यरेषेच्या समोर तिथं लावा, नसेल तर टेबलावर टेबल ठेवून आठ-दहा फूट उंची साधा. दोन्ही बाजूंचे कोपरे एकाच चौकटीत आले पाहिजेत. मग सामना संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. चेंडूमागं फिरावा तसा कॅमेरा इथं फिरवायचा नसतो. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि मधली पाच मिनिटं, एवढ्याला ६४ जीबी जागा पुरते. मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन तिसऱ्या चढाईत कुणाचा तरी फोन येतो.

कॅमेऱ्यानं पारख होत नाही, ती वहीनं होते. समजा डाव्या कोपऱ्याच्या पोरानं घोटा धरला, चढाईपटू खाली आला आणि मग चौघं त्याच्यावर पडले. फोटोत सगळ्यात वर दिसतो तो शेवटी आलेला. वाहवा त्याचीच होते. म्हणून नोंद ठेवणाऱ्यानं प्रत्येक पकडीत पहिला हात कुणाचा, एवढंच लिहावं आणि शंका राहिली तर रात्री व्हिडिओत पाहावं. प्रयत्न किती आणि यशस्वी किती, दोन्ही लिहा. नुसत्या यशस्वी पकडी मोजल्या तर उगाच झेप घेऊन गुण देणारा गडी झाकला जातो.

चढायांचंही तेच. एका पोरानं वीस चढाया केल्या : सहा यशस्वी, आठ रिकाम्या, सहा वेळा बाद, गुण आठ. दुसऱ्यानं नऊ केल्या : चार यशस्वी, चार रिकाम्या, एकदा बाद, गुण पाच. टाळ्या पहिल्याला. पण त्यानं आठ मिळवून सहा दिले, दुसऱ्यानं पाच मिळवून एकच दिला. शिवाय बाद झालेला बाहेर बसतो, तो वेळ वेगळाच. यात तिसऱ्या चढाईला गोल करा. सलग दोन रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर बाद. अशा वेळी मुद्दाम पाठवलेल्या पोराचे आकडे पडलेलेच दिसणार. समोर सहा किंवा सात बचावपटू असतानाच बोनस मिळतो, म्हणून समोर किती जण होते तेही लिहा. तीन किंवा कमी गडी उरलेले असताना केलेली पकड अव्वल. तिला एक जादा गुण आहे आणि खेळाडूची हिंमत बघायला तीच जागा.

मातीवर वाढलेल्या पोरांचा मॅटवरचा पहिला डाव हिशेबात कमी धरा. माती निसटते, मॅट पाय धरून ठेवते, आणि बूट पहिल्यांदाच घातलेले असतील तर चांगला गडीही लाकडासारखा वळतो. दुसऱ्या डावाचे आकडे खरे.

लिहायला दोन माणसं लागतात, एक चढायांना आणि एक पकडींना. निवृत्त क्रीडाशिक्षक आनंदानं येतात. तरी मानधनाचं पाकीट द्यावं. वजनकाटा मागून आणा, कारण आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धा वजनी गटाच्या असतात आणि खुल्या पुरुष गटालाही ८५ किलोची मर्यादा आहे. बर्फ, क्रेप बँडेज जवळ हवं. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे, तो खर्च धरू नका. अठरा वर्षांखालच्या पोरांचे फोटो बॅनरवर लावायचे असतील तर आई-वडिलांची लेखी संमती घ्या.

काटकसरीचा एक अंदाज असा : हॉल ३,०००, वीज ३००, मॅटची ने-आण १,५००, फोटोग्राफर २,५००, मेमरी कार्ड ६००, नोंद ठेवणाऱ्या दोघांना मिळून ६००, पाणी-बर्फ-औषध ५००, तीस जणांचा नाश्ता ७५०. बेरीज ९,७५० रुपये. वीस पोरांनी दोनशे-दोनशे दिले तर चार हजार जमतात, बाकी मंडळाची वर्गणी. याहूनही कमी करायचं असेल तर फोटोग्राफर कापा, नोंद ठेवणारे कापू नका.

फोटोग्राफरशी कागदावर चार ओळी करा : तारीख, तास, किती फोटो, कधी देणार, ॲडव्हान्स किती. मूळ फायली त्याच संध्याकाळी पेन ड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली फाईल लहान झालेली असते आणि फ्लेक्सवर ती फाटते; मागवायचीच झाली तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्येच तसं आहे. त्यामुळे "मूळ फायली आम्ही देत नसतो" हे ऐकून मान डोलावू नका. बिलात जीएसटी लावला असेल तर १५ अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांक बिलावर हवा. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा व्यावसायिकाला सहसा नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेताही येत नाही.

पैसे घेऊन काम दिलं नाही तर आधी लेखी मागणी करा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तरीही दाद नाही मिळाली तर बुलढाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.