धनुर्वाताच्या जंतूचे चिलखत

पेरणीचे दिवस आले की पायात काटा मोडलेले, कुदळ-खुरपे लागलेले रुग्ण दवाखान्यात वाढू लागतात. "डॉक्टरसाहेब, खिळा गंजलेला नव्हता, मग इंजेक्शन कशाला?" असे बरेच जण विचारतात. कोणी सांगतो, "जखमेवर लगेच स्पिरिट ओतले आहे." हे दोन्ही समज जिवावर बेतू शकतात. म्हणून आज धनुर्वाताच्या जंतूची थोडी ओळख करून घेऊ.

धनुर्वात गंजामुळे होत नाही. तो क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी या जंतूमुळे होतो. हा जंतू माती, धूळ व जनावरांच्या शेणात आढळतो. त्याला प्राणवायू मानवत नाही. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो आपल्या आत एक बीजाणू तयार करतो. टरफलात बी सुप्त असते, तसाच हा प्रकार. बीजाणूच्या गाभ्यात जंतूची जनुके असतात, पण पाणी अगदी थोडे असते. गाभ्याभोवतीचा जाड थर हा कोरडेपणा टिकवतो, म्हणून बीजाणू उष्णता सोसतो. त्याबाहेर प्रथिनांचे अनेक पदरी कवच असते. ते रसायनांना अडवते. असे चिलखत घालून हा जंतू मातीत वर्षानुवर्षे पडून राहतो.

१८८९ साली बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत किटासाटो या जपानी शास्त्रज्ञाने याच गुणाचा उपयोग केला. त्यांनी जंतूंचे मिश्रण ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले. इतर जंतू मेले, धनुर्वाताचे बीजाणू तेवढे तगले आणि हा जंतू शुद्ध स्वरूपात वेगळा करता आला.

स्पिरिटने हे बीजाणू मरत नाहीत. नुसत्या उकळण्याचाही भरवसा नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेची हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत, १२१ अंशांवर किमान १५ मिनिटे ठेवतात. माणसाच्या पायाला काही असे तापवता येत नाही!

काटा किंवा खिळा खोल रुतला की तेथे हवा पोचत नाही. बीजाणूला हवी तशी जागा मिळते, तो कवच टाकून अंकुरतो आणि जंतू विष तयार करू लागतो. बहुधा ३ ते २१ दिवसांत दातखीळ बसते, मान ताठते, झटके येऊन शरीर धनुष्यासारखे वाकते.

लस बीजाणूचे कवच फोडत नाही. जंतूचे विष निकामी करणारी शक्ती ती रक्तात आधीच तयार ठेवते. म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१) जखम वाहत्या पाण्याने व साबणाने भरपूर धुवावी. बीजाणू मरत नसले तरी मातीबरोबर वाहून जातात.

२) जखमेवर किंवा बाळाच्या नाळेवर शेण, माती, राख लावू नये.

३) मुलांच्या लसी वेळेवर पूर्ण कराव्यात. गरोदर स्त्रियांनीही लस घ्यावी. हल्ली टीटीऐवजी टीडी लस देतात, तिने घटसर्पापासूनही संरक्षण मिळते.

४) जखम खोल वा मातीने माखलेली असेल आणि शेवटची मात्रा घेऊन ५ वर्षे झाली असतील, तर पुन्हा लस घ्यावी. पूर्वी लस घेतलीच नसेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. अशा वेळी आणखी एक इंजेक्शन लागू शकते.

५) धनुर्वात एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो. अशा रुग्णानेही लस घेतलीच पाहिजे.

माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे भारतात २०१५ साली जाहीर झाले. ते लसीमुळे व स्वच्छ बाळंतपणामुळे साधले. मातीतले बीजाणू मात्र आजही तेथेच आहेत.