दुकानाची लेखी पाटी : इंटरनेटवरील पान चालविण्याची साधने

सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल यांची कीर्ती सांगण्याची गरज नाही. १८७७ साली येथे कापडाची पहिली मोठी गिरणी उभी राहिली, तेव्हापासून माग हाच या शहराचा आधार आहे. दोन्ही मालांना भौगोलिक निर्देशनाची सरकारी नोंदही मिळाली आहे. परंतु माल चांगला असला तरी त्याची माहिती व्यवस्थित मांडण्याच्या बाबतीत आपला लहान व्यापारी अजून मागेच आहे.

गेल्या काही महिन्यांत आमची एका चादर व्यापाऱ्याशी भेट झाली. त्यांनी चार वर्षांपूर्वी भाच्याकडून दुकानाचे संकेतस्थळ करून घेतले होते. त्यावर मालाचे फोटो होते, धुण्याच्या सूचना होत्या, बाहेरगावचे ग्राहक ते वाचून फोन करीत. पुढे भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला. संकेतस्थळाच्या नावाची मुदत संपल्याची सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर येत राहिली आणि तो ई-मेल कोणी उघडलाच नाही. एके दिवशी पान बंद पडले. चार वर्षांचा मजकूर गेला, नाव दुसऱ्या कोणीतरी घेतले, आणि चादरींच्या गठ्ठ्यांवर छापलेला पत्ता निरुपयोगी झाला. भाच्याचा हेतू वाईट नव्हता. चूक एवढीच, की दुकानाची किल्ली दुकानदाराकडे नव्हती.

अशी वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून कोणती साधने लागतात आणि ती कशी वापरावीत, याचा विचार आपण या लेखात करू.

१) नाव आणि किल्ली

संकेतस्थळाचे नाव विकत मिळत नाही, ते मुदतीने मिळते. एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत नोंदणी करता येते. नोंदणी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मोबाईलवर आणि दुकानाच्या वेगळ्या ई-मेलवर करावी. काम मुलाने किंवा भाच्याने करावे, मालकी मात्र आपली असावी. ई-मेलला दुहेरी पडताळणी लावावी, म्हणजे पासवर्ड कोणाला कळला तरी मोबाईलवरील संकेताशिवाय खाते उघडणार नाही. मुदतीची तारीख दुकानातील दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहावी. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ हा शेवट असलेले नावही घेता येते. परंतु फोनवर नाव सांगताना इंग्रजी अक्षरांचे नाव अनेकांना सोपे जाते, हे लक्षात ठेवावे.

२) पान कोठे ठेवावे?

लहान दुकानदारासाठी दोन मार्ग आहेत. पहिला ब्लॉगर. हे साधन १९९९ साली निघाले आणि २००३ पासून गूगलकडे आहे. ते फुकट आहे, मोबाईलवरूनही चालविता येते आणि त्याला आपले विकत घेतलेले नाव जोडता येते. दुसरा वर्डप्रेस, जो २००३ साली सुरू झाला. ही प्रणाली मोफत आहे, पण ती ठेवण्यासाठी जागेचे वार्षिक भाडे भरावे लागते. तिच्यात सोयी अधिक आहेत, तशी देखभालही अधिक आहे. तिची आणि तिच्या पूरक भागांची नवी आवृत्ती वेळेवर चढविली नाही तर चोराला मागचे दार उघडे राहते. ज्यांच्याकडे दर आठवड्याला पाहणारे माणूस नाही त्यांनी ब्लॉगरने सुरुवात करावी, असे आमचे मत आहे.

फुकटच्या जागेविषयी एक सावधगिरी. गूगलने दुकानांच्या नोंदीसोबत तयार करून दिलेली छोटी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद केली. नकाशावरील दुकानाची नोंद राहिली, पान मात्र गेले. भाड्याच्या घरात राहायला हरकत नाही, पण घराची कागदपत्रे आपल्या पेटीत असावीत. म्हणूनच नाव स्वतःचे हवे. जागा बदलली तरी पत्ता बदलत नाही.

३) मराठी लिहिण्याचे साधन

छापखान्यात वापरले जाणारे जुने मराठी फॉन्ट इंटरनेटवर चालत नाहीत. दुसऱ्याच्या मोबाईलवर त्यांची अक्षरे भलतीच दिसतात आणि शोधणाऱ्याला तो मजकूर सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. मोबाईलवर जीबोर्ड हा कळफलक घेतला की मराठी टंकता येते, बोलूनही लिहिता येते. बोललेले मात्र एकदा वाचून दुरुस्त करावे. संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक शिकावा. रोज अर्धा तास सराव केल्यास थोड्याच आठवड्यांत हात बसतो.

४) काय लिहावे?

ग्राहक दुकानात येऊन जे विचारतो तेच लिहावे. लांबी-रुंदी किती, वजन किती, सूत शंभर टक्के सुती आहे काय, रंग जातो काय, पहिली धुलाई कशी करावी? उदाहरणार्थ, टॉवेलचा दाटपणा ‘जीएसएम’ने, म्हणजे एका चौरस मीटरच्या वजनाने मोजतात. ७५ सेंटिमीटर रुंद व १५० सेंटिमीटर लांब टॉवेलचे क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर होते. त्याचे वजन ४५० ग्रॅम भरले तर ४५० भागिले १.१२५, म्हणजे ४०० जीएसएम. हा हिशेब पानावर दिला की ग्राहकाला दोन टॉवेलांची तुलना स्वतः करता येते आणि त्याचा विश्वास बसतो.

५) फोटो आणि प्रामाणिकपणा

फोटो दिवसाच्या उजेडात काढावा, सावलीत काढावा, पण पिवळ्या दिव्याखाली काढू नये, कारण रंग बदलतो. चढविण्यापूर्वी त्याचा आकार कमी करावा, नाहीतर खेड्यातील ग्राहकाच्या मोबाईलवर पान उघडतच नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, तेव्हा त्यांनी विक्रेत्याला ओले धान्य वर का ठेवले नाही असे विचारले, ही हदीस आपणा सर्वांना माहीत आहे. इंटरनेटवरील फोटो म्हणजे ढिगाचा वरचा थर होय. ग्राहकाला आत हात घालून पाहता येत नाही, म्हणून आपली जबाबदारी वाढते. दुय्यम प्रतीचा माल असल्यास तसे स्पष्ट लिहावे. दुसऱ्या गावी विणलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून दाखवू नये. तो ग्राहकाचा विश्वासघात आहे आणि कायद्यानेही गुन्हा ठरू शकतो. भौगोलिक निर्देशनाचे चिन्हसुद्धा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्यावरच लावावे.

६) तपासणी आणि नक्कल

गूगलचे सर्च कन्सोल हे फुकट साधन आहे. लोक कोणते शब्द टाकून आपल्या पानापर्यंत आले, हे त्यात कळते. ‘डबल बेड चादर धुण्याची पद्धत’ असे कोणी शोधत असेल तर त्यावर पुढचा मजकूर लिहावा.

नक्कल ठेवण्यास विसरू नये. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये संपूर्ण मजकूर उतरवून घेण्याची सोय आहे, वर्डप्रेससाठीही तशी साधने मिळतात. मूळ फोटो वेगळे जपावेत. एक प्रत संगणकात आणि एक पेनड्राइव्हवर घरी ठेवावी. वरील व्यापाऱ्याकडे अशी एक प्रत असती, तर नाव गेले तरी मजकूर वाचला असता.

७) आठवड्याचे वेळापत्रक

दर आठवड्याला एक छोटा मजकूर लिहावा आणि भाव व शिल्लक मालाची माहिती पाहावी. दर महिन्याला नक्कल घ्यावी आणि फोन क्रमांक बरोबर आहे का ते तपासावे. दर सहा महिन्यांनी नावाची मुदत पाहावी. महिन्यातून दहा मजकूर लिहून नंतर वर्षभर गप्प बसण्यापेक्षा थोडे पण नियमित काम बरे. ज्या पानावर दोन वर्षांपूर्वीचे भाव आहेत ते दुकान बंद पडले असावे, असाच ग्राहकाचा समज होतो.

कुरआनातील सर्वांत लांब आयत सूरह बकरहमध्ये आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यासंबंधी आहे. लेखी शब्दाला आपल्या दीनने एवढे महत्त्व दिले आहे. आपले पान हाही ग्राहकाला दिलेला लेखी शब्दच आहे. तो खरा असावा, ताजा असावा आणि आपल्याच ताब्यात असावा.

त्या चादर व्यापाऱ्यांनी आता नवे नाव घेतले आहे. नोंदणी स्वतःच्या नावाने केली आहे आणि मुदतीची तारीख गल्ल्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटविली आहे. वाचक बंधू-भगिनींनी आज एवढेच करावे : आपल्या पानाची नोंदणी कोणाच्या नावाने आहे आणि मुदत केव्हा संपते, हे विचारून घ्यावे. उत्तर लगेच मिळाले नाही, तर काम तेथूनच सुरू करावे.