चित्रकथा, छापखाना आणि आपली आज्ञावली

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

शिरूरहून दौंड तालुक्यातील केडगावला जायचे तर न्हावरे मागे टाकल्यावर भीमा ओलांडावी लागते. माझे आजोळ त्या बाजूला असल्यामुळे हा रस्ता मला लहानपणापासून पाठ आहे. केडगावचे 'मुक्ती मिशन' आजोळी सर्वांना ठाऊक. "तिथं पंडिता रमाबाई राहायच्या," एवढेच आजी सांगत असे. परंतु तेथे एक छापखाना होता आणि तो मुली व स्त्रिया चालवीत असत, हे मला महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात बसून कळले. त्याच सुमारास मी चार चौकटींच्या चित्रकथा काढून त्या आंतरजालावर प्रसिद्ध करू लागले होते, आणि त्या प्रसिद्ध करण्यासाठी लागणारी संगणकाची आज्ञावलीही माझी मीच लिहीत होते. रमाबाईंचे कार्य फार मोठे आणि माझा उद्योग फार लहान; त्यांची तुलना करण्याचा हेतू नाही. तथापि, लिहिणाऱ्याने छापण्याचे साधनही स्वतः का घडवावे, या प्रश्नाचे उत्तर मला केडगावच्या छापखान्यापाशी सापडले. ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे.

केडगावचा छापखाना

रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो स्त्रियांना व मुलींना त्यांनी आश्रय दिला आणि केडगावी मुक्ती सदन उभे राहिले. तेथे शेती, विणकाम इत्यादी उद्योगांबरोबर छापखाना होता. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी करणे ही कामे आश्रमातील स्त्रियाच शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, ते साध्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत करावे म्हणून. त्यांचे पहिले पुस्तक 'स्त्रीधर्मनीति' १८८२ साली निघाले. त्याची भाषा संस्कृतप्रचुर आहे. त्याच लेखिकेने पुढे आयुष्याची अनेक वर्षे सोप्या शब्दांच्या शोधात घालविली. भाषांतरातील 'नवा करार' १९१३ साली प्रसिद्ध झाला. १९२२ साली रमाबाई निवर्तल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

यातील धार्मिक भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. वाचक कोण, हे आधी ठरले. भाषा त्यावरून ठरली. आणि छापखाना त्या दोहोंच्या सेवेला लागला. माझे मात्र उलटे झाले होते.

शिळाप्रेस आणि खिळे

स्वतःचे साधन घडविण्याचे याहून जुने उदाहरण मुंबईच्या गणपत कृष्णाजींचे आहे. गोविंद नारायण माडगांवकरांच्या 'मुंबईचे वर्णन' या १८६३ सालच्या ग्रंथात त्यांची हकीकत येते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम पाहून त्यांनी घरीच एक लाकडी यंत्र तयार केले, दगडाचे लहान लहान तुकडे जमवून छापता येते का ते पाहिले, शाईसुद्धा स्वतः बनविली. १८३१ साली त्यांनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. खिळ्यांच्या छपाईकडे ते त्यानंतर वळले.

आरंभी शिळाप्रेसच का, हे समजून घेण्यासारखे आहे. शिळेवर हाताने लिहिलेले अक्षर आणि हाताने काढलेले चित्र एकाच वेळी उमटते. खिळ्यांनी छापायचे तर काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे मिळून देवनागरीचे शेकडो निरनिराळे खिळे लागतात. परंतु खिळ्यांचा फायदा असा की ते मोडून पुन्हा जुळविता येतात. शिळेवरील मजकूर तसा मोकळा होत नाही. आज कागदावर चित्रकथा काढून तिचा फोटो आंतरजालावर ठेवणे म्हणजे शिळाप्रेस होय. चित्र आणि संवाद एकजीव, दिसायला सुंदर. पण संगणकाच्या लेखी त्यात एकही अक्षर नसते, असतात ते केवळ काळे-पांढरे ठिपके.

तयार साधने का पुरली नाहीत

माझ्या चित्रकथेचे नाव 'थांबा'. फाट्यावर एस.टी.ची वाट पाहणाऱ्या एका आजी व एक विद्यार्थिनी, एवढीच पात्रे. आरंभी मी ब्लॉगचे एक तयार साधन वापरले. पहिली अडचण क्रमाची आली. ही साधने दैनंदिनीसारखी योजलेली असतात; ताजे पान सर्वांत वर. १९९१ साली 'सकाळ'मध्ये सुरू झालेल्या चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांच्या 'चिंटू'सारख्या मालिकेला यात काही अडचण नाही, कारण तेथे बहुधा रोजचा विनोद रोज पुरा होतो. माझी गोष्ट मात्र पुढे चालणारी होती. नवा वाचक आला की त्याला आधी शेवट दिसे, आणि आजींची पिशवी का हरवली हे कळण्यासाठी त्याला तीसेक पाने उलटी चालत जावे लागे.

दुसरी अडचण याहून मोठी, आणि ती घरातच निघाली. माझी आई चौथीपर्यंत शिकली आहे. अक्षर लावून लावून वाचते, पण वाचते. तिच्या मोबाईलवर मी माझी चित्रकथा मोठ्या हौसेने उघडून दिली. फुग्यांतील अक्षरे मुंगीएवढी दिसत होती. तिने दोन बोटांनी चित्र मोठे केले, तेव्हा फुगा पडद्याबाहेर गेला. "अगं, मोठं केलं की अर्धं वाक्य पळतंय," ती म्हणाली; आणि थोड्या वेळाने, "तूच वाचून दाखव." मैत्रिणींनी वाहवा केलेली ती चित्रकथा जिच्या बोलण्यावरून मी आजींचे संवाद लिहिले होते, तिलाच वाचता येत नव्हती. त्या रात्री मी ठरविले की शिळाप्रेस सोडायचा आणि खिळे करायचे. म्हणजे संवाद चित्रातून बाहेर काढून, खऱ्या अक्षरांत, चित्राच्या खाली ठेवायचे.

चित्र आणि शब्द वेगळे केले तर ती चित्रकथा उरेल काय, अशी शंका एका मित्राने काढली. मला ती रास्त वाटली. परंतु सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेचा विचार करता तिचे उत्तर मिळते. तेथील ठाकर समाजातील कलावंत चित्रांचे एकेक पान पुढे धरतात आणि कथा तोंडाने, गाऊन सांगतात. पानांच्या संचाला ते पोथी म्हणतात. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तेथे शब्द फुग्यात नसतात, तरी गोष्ट अखंड राहते. मात्र पानांचा क्रम चुकून चालत नाही. क्रम आणि शब्द, माझ्या दोन्ही अडचणी या पोथीने आधीच सोडविल्या होत्या.

आज्ञावलीची रचना

माझी आज्ञावली पायथॉन भाषेत लिहिलेली आहे आणि तिचा गाभा दोनशे ओळींहून मोठा नाही. ज्यांना असा प्रयत्न करावयाचा आहे त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगते.

प्रत्येक चित्रकथेसाठी संगणकात एक कप्पा असतो. त्यात चार चौकटींची चार चित्रे आणि साध्या मजकुराची एक फाईल. फाईलमध्ये क्रमांक, शीर्षक, तारीख आणि चौकटीनुसार संवाद. आज्ञावली सर्व कप्पे वाचते, क्रमांकाप्रमाणे लावते आणि प्रत्येकाचे एक पान तयार करते. पानावर 'पहिले', 'मागील', 'पुढील' व 'ताजे' असे चार दुवे असतात. नव्या वाचकाला मुखपृष्ठावरच 'पहिल्यापासून वाचा' असे सांगितले जाते.

पुष्कळशी तयार साधने वाचक आला की माहितीच्या साठ्यातून त्याच्यासाठी पान नव्याने जुळवितात. म्हणजे पाहुणा आल्यावर चूल पेटवायची. माझी पाने आधीच शिजवून ठेवलेली असतात, आलेल्याला फक्त वाढायची. त्यामुळे साधी, स्वस्त जागा पुरते, पान लवकर उघडते आणि उद्या ती जागा बंद पडली तरी सर्व कप्पे माझ्याजवळ राहतात. २००९ साली 'जिओसिटीज' ही एकेकाळची प्रसिद्ध सेवा बंद झाली, तेव्हा तेथे घरोबा केलेल्या असंख्य लोकांची पाने उठली. दुसऱ्याच्या भिंतीवर काढलेले चित्र भिंतीच्या मालकाच्या मर्जीवर असते.

चित्रे मी कागदावर काळ्या शाईने काढते आणि दिवसाच्या उजेडात मोबाईलने टिपते. मूळ फोटो तीन-चार मेगाबाइटचा असतो. आज्ञावली त्यातील करडी छाया काढून टाकते, रुंदी कमी करते आणि चित्र पीएनजी प्रकारात साठविते. मोजक्या रंगांच्या रेषाचित्राला हा प्रकार योग्य, कारण जेपीजीमध्ये रेषेच्या कडेला धूसर डाग येतात. एवढे केल्यावर चारही चौकटी मिळून शंभर-सव्वाशे किलोबाइटमध्ये बसतात. दिवसाचा डेटा संपत आलेल्या माणसालाही मग 'थांबा' उघडता येतो.

'विद्यार्थी' किती अक्षरांचा?

सर्वांत अधिक शिकविले ते देवनागरीने. माझ्या अनुक्रमणिकेत शीर्षक लांब झाल्यास १८ चिन्हांनंतर तोडावे, अशी सूचना मी आज्ञावलीला दिली होती. एका चित्रकथेचे शीर्षक होते 'शिरूर ते दौंड विद्यार्थी पास'. छापून आले 'शिरूर ते दौंड विद्'. पाय मोडलेला 'द' ओळीच्या टोकाला लंगडत उभा!

कारण असे. आपल्या डोळ्याला 'विद्यार्थी' या शब्दात वि, द्या, र्थी अशी तीनच अक्षरे दिसतात. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत मात्र त्याची दहा चिन्हे होतात: व, वेलांटी, द, पाय मोडल्याची खूण, य, काना, र, पुन्हा तीच खूण, थ आणि दुसरी वेलांटी. ऱ्हस्व वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, पण साठविली जाते त्याच्या नंतर. चिन्हे मोजून तोडणे इंग्रजीत सहसा निभावते, मराठीत नाही. आता माझी आज्ञावली मर्यादेच्या आतील शेवटची मोकळी जागा शोधून तेथे तोडते. शीर्षक 'शिरूर ते दौंड' एवढेच उरते, पण धडधाकट राहते.

पानाच्या पत्त्याचेही तसेच. पत्त्यात देवनागरी शब्द घातला की पाठविताना प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटसाठी टक्केचिन्हासह तीन अक्षरे होतात. एकट्या 'विद्यार्थी'ची नव्वद अक्षरे! म्हणून मी पत्त्यात केवळ क्रमांक ठेवले.

संवाद खऱ्या अक्षरांत आल्याने आणखी एक लाभ झाला: ते शोधता येऊ लागले. कॅनडातील रायन नॉर्थ यांच्या 'डायनोसॉर कॉमिक्स'मध्ये २००३ पासून चित्रे बहुधा तीच राहतात, फक्त संवाद बदलतात. चित्रात अडकलेले शब्द शोधता येत नाहीत म्हणून त्यांनी 'ओह नो रोबॉट' नावाचे साधन घडविले. त्यात वाचकच चित्रकथांतील संवाद टंकून देत आणि मग शोध घेता येई. म्हणजे माझ्या घरातली अडचण जगाच्या दुसऱ्या टोकालाही होती.

हिशेब

आता उणी बाजू. गेल्या सत्रात मी आज्ञावलीत इतकी गुंतले की चार महिन्यांत केवळ दोन चित्रकथा काढल्या. यंत्र दुरुस्त करण्यात एक गंमत असते. ते चालले की लगेच कळते. चित्रात विनोद जमला की नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून मन चित्राकडून यंत्राकडे पळते आणि आपण काम करीत आहोत असा भास होत राहतो. छापखाना उभा राहिला आणि पुस्तकच लिहून झाले नाही, असे होऊ नये. हल्ली मी नियम केला आहे की नवी चित्रकथा पुरी झाल्याशिवाय आज्ञावलीला हात लावायचा नाही. तयार साधनाने ज्याचे काम भागते त्याने ते खुशाल वापरावे, असेही मी म्हणेन. परंतु आपला वाचक त्या साधनाच्या योजनेत बसत नसेल, तर वाचक सोडण्यापेक्षा साधन बदलणे बरे.

आजवर 'थांबा'चे ४१ भाग झाले. आईने परवा एकेचाळिसावा उघडला. चित्राखालचे अक्षर बोटाने मोठे केले, तेव्हा ओळ पडद्याबाहेर न जाता खाली वळली. तिने ओठ हलवीत चारही चौकटी वाचल्या. हसेल असे मला वाटले होते. ती हसली नाही. म्हणाली, "आजी अशी नाही बोलायची. 'पिशवी हरवली' नाही, 'पिशवी कुठं ऱ्हायली' म्हणेल."

चूक खरी होती. मी ती दुरुस्त केली. फाईलमधील एक शब्द बदलला, आज्ञावली पुन्हा चालविली, आणि पान नवे झाले. शिळेवर असते तर सगळे पुसून पुन्हा काढावे लागले असते.