रोहितवाले, हार्दिकवाले

हसनाबादच्या पोरांच्या क्रिकेट ग्रुपचा मी ॲडमिन, म्हणजे बिनपगारी पोलीस पाटील. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई इंडियन्सनं रोहितला बाजूला करून हार्दिकला कप्तान केलं आणि व्हॉट्सॲपवर आमच्या गावात उभी फूट पडली. बारावीतल्या एका पोरानं 'हार्दिकला एक संधी तर द्या' एवढंच लिहिलं. झालं! त्याच्या बापाची उधारी, बहिणीचं मोडलेलं लग्न, सगळं बाहेर निघालं. हार्दिकला यातलं काय कळणार? कळलं ते त्या पोराच्या आईला. लिहिणाऱ्यांत त्यांचा बांधकरीही होता. त्याच्याच विहिरीवरून यांच्या मोसंबीला पाणी जातं. पाणी चालू राहिलं, बोलणं बंद झालं. पोरगं ग्रुप सोडून गेलं.

आमचं एवढ्यावरच निभावलं. 27 मार्च 2024 च्या रात्री हैदराबादनं मुंबईला 277 धावा कुटल्या. त्याच सामन्यात रोहित बाद झाल्यावर कोल्हापूरजवळच्या हणमंतवाडीत चेन्नईच्या एका 63 वर्षांच्या चाहत्यानं चिडवलं, म्हणून मुंबईच्या चाहत्यांनी त्यांना काठीनं, फळीनं मारलं. ते वाचले नाहीत. सगळे एकाच गावचे.

ग्रुप चालवणाऱ्यांनो, शेवटचा चेंडू पडला की सकाळपर्यंत ग्रुप 'फक्त ॲडमिन'वर टाका. हरलेला माणूस रात्री साडेअकराला जे लिहितो, ते सकाळी धारा काढून झाल्यावर लिहीत नाही. फटक्यावर, फील्डिंगवर, कप्तानाच्या डोक्यावर काय वाट्टेल ते बोलू द्या. समोरच्याचा बाप, बायको, जात आली की मेसेज सगळ्यांसाठी डिलीट, मग लिहिणारा आपला मेव्हणा का असेना. (माझा आहे, म्हणून सांगतो.) पण कोणाला तडकाफडकी काढू नका. काढलेला माणूस दुसरा ग्रुप उघडतो आणि तिथं तुमच्या नावानं शंख करतो. त्यापेक्षा फोन लावा. 'जेवलास का' एवढं विचारलं तरी निम्मा ताव उतरतो.

फ्री हिट म्हणजे काय, असं विचारणाऱ्याला हसू नका. आणि बंगळुरूवाल्यांना टोमणे मारणाऱ्यांना एवढी आठवण करून द्या, की आपल्या जालन्याचा विजय झोल, 2014 च्या अंडर-19 विश्वचषकातला भारताचा कप्तान, त्यांच्याच ताफ्यात होता.

29 जून 2024 ला विश्वचषकाच्या फायनलमध्ये हार्दिकनं शेवटच्या षटकात 16 धावा होऊ दिल्या नाहीत. एप्रिलमध्ये ज्या वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली होती, तिथंच 4 जुलैला त्याच्या नावाचा गजर झाला. आमच्याकडं त्याच्या नावानं गाढवाची स्टिकरं टाकणाऱ्यांनी त्याचाच फोटो डीपीला लावला. ग्रुप सोडलेल्या त्या पोराकडं मात्र कोणी गेलं नाही, म्हणून मीच गेलो. आला परत, पण ग्रुप म्यूट करून.