नकाशा खरा ठेव

भाईंदर (पूर्व)

चि. सोनू यास,


दोन इमारतींमधले लेअर-थ्री स्विच ओएसपीएफने जोडायचं काम तुझ्याकडे आलंय, असं ताईने फोनवर सांगितलं. ऐकून फार बरं वाटलं. कमांड तुला पाठ असतील, म्हणून त्यांच्यामागचं कारण तेवढं लिहितो.

ओएसपीएफमध्ये प्रत्येक स्विच फक्त स्वतःच्या लिंकची माहिती देतो. ती जशीच्या तशी एरियातल्या सगळ्यांपर्यंत पोचते. सगळ्यांकडे एकच नकाशा तयार होतो आणि डायक्स्ट्राने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीने जो तो आपली सर्वांत स्वस्त वाट शोधतो. म्हणून एकाने चुकीचं सांगितलं, की सगळ्यांची वाट चुकते. आणि स्विच काय सांगणार, हे तू ठरवतोस.

भाईंदरहून ठाण्याला घोडबंदरचा रस्ता जवळचा. तरी कोंडी असली की आपण लोकलने, दादरला गाडी बदलून जातो. ओएसपीएफला कोंडी दिसत नाही, त्याला फक्त कॉस्ट दिसते. कॉस्ट काढताना रेफरन्स बँडविड्थला लाइनच्या वेगाने भागतात, आणि सिस्कोच्या आयओएसवर ती मुळात १०० मेगाबिट असते. त्यामुळे १०० मेगाबिटची जुनी लाइन आणि १० गिगाबिटचं फायबर, दोघांची कॉस्ट १ येते. रेफरन्सचा तो आकडा सगळ्या स्विचवर सारखाच वाढव.

राउटर आयडी हाताने दे आणि तो दुसरीकडे वापरलेला नाही ना, ते तपास. ज्या व्हीलॅनवर नुसते कॉम्प्युटर आहेत, तिथे इंटरफेस पॅसिव्ह ठेव. इथरनेटवर हॅलो पॅकेट दर १० सेकंदांनी जातं. ४० सेकंद ते आलं नाही, तर शेजारी, म्हणजे पलीकडचा स्विच, गेला असं धरतात. हे दोन्ही आकडे, एरिया आणि सबनेट मास्क दोन्ही टोकांना जुळायलाच हवेत. मध्ये मीडिया कन्व्हर्टर असेल, तर पलीकडची केबल तुटूनही तुझा पोर्ट चालू दिसू शकतो आणि ते ४० सेकंद डेटा वाया जातो. अशा जागी तुटलेली वाट लवकर ओळखणारं बीएफडी लाव.

एका कारखान्यात माझ्या स्विचचा शेजारी रात्रभर एक्सस्टार्ट या स्थितीवर अडकला होता. मी दोन्ही स्विच पुन्हापुन्हा रीस्टार्ट करत राहिलो. पहाटे पाहिलं, तर एका टोकाला एमटीयू ९००० आणि दुसऱ्याला १५००. समोरचा एमटीयू आपल्यापेक्षा मोठा दिसला की स्विच ते डेटाबेसचं पॅकेट टाकून देतो. ही तपासणी बंद करायची कमांड आहे, पण तिच्या वाटेला जाऊ नकोस. एमटीयूच जुळव. आणि काही बदलण्याआधी शेजाऱ्याची स्थिती वाच.

शेवटी, शेजारी 'फुल' दिसला म्हणून लगेच निघू नकोस. मालकांना आधी सांगून एक केबल स्वतःच्या हाताने काढ आणि दुसऱ्या वाटेने पिंग चालू राहतो का ते बघ. ते पाहिल्याशिवाय काम झालं असं कुणाला सांगू नकोस.

तुझा,
मामा